चार पोरांचा तांडेल

आमचे शेजारी सदूभाऊ गोष्टीच्या पुस्तकातला नवा धडा ऐकायला बसण्याआधी देवापुढे नारळ ठेवतात.

नारळ खरा, देव खरा, गाऱ्हाणंही अगदी रीतसर. ज्यांच्यासाठी ते घालायचं ती चार पोरं मात्र पुस्तकातली, आणि पुस्तक इंग्रजी. सदूभाऊ पडवीतल्या तसबिरीसमोर नारळ ठेवतात, टोपी सारखी करतात आणि शिमग्याला अख्ख्या वाडीचं गाऱ्हाणं ज्या आवाजात घालतात त्याच आवाजात सुरू करतात, "हे देवा महाराजा, आज हा नारळ ठेवलाय तो आमच्यासाठी नाय. ती चार भावंडं परमुलखात गेलीत. त्यांच्याबरोबर कोण मोठं माणूस नाय. त्यांच्या वाटेत काय वाकडं असेल तर सरळ कर. बाई आता धडा वाचतील, तो नीट तडीला जाऊ दे रे महाराजा."

यावर भोवतीच्या लोकांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. भोवती मी एकटीच असते. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायको काशीवहिनी मासे साफ करत असतात, त्याही तिथूनच 'व्हय महाराजा' म्हणतात, पण त्यांच्या सुरात 'व्हय' थोडं आणि 'कप्पाळ माझं' जास्त असतं.

पहिल्या दिवशी या गाऱ्हाण्यात एक अडचण आली होती. गाऱ्हाणं घालताना माणसाचं गाव सांगावं लागतं. पोरांचं गाव कुठलं, असं त्यांनी मला विचारलं. मी इंग्लंड म्हणाले. सदूभाऊ विचारात पडले. आमच्या देवाची शीव वाडीच्या वहाळापर्यंत, त्या ओढ्यापलीकडेसुद्धा नाही, मग इंग्लंडात त्याचं कोण ऐकणार? त्यांनी नारळ परत पिशवीत घातला आणि मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. म्हणाले, पुस्तक कुठं आहे? तुमच्या कपाटात. कपाट कुठं आहे? तुमच्या घरात. घर आमच्या वाडीत. म्हणजे पोरं आमच्या शिवेच्या आत आलेली आहेत, पाहुणी म्हणून. पाहुण्यांची जबाबदारी देवावर असतेच. मी इतकी वर्षं इंग्रजीबरोबर नागरिकशास्त्रही शिकवलं, पण या युक्तिवादात मला एक भोक सापडलं नाही.

सदूभाऊंचं सगळं आयुष्य दर्यावर गेलं. वल्ह्याच्या होडीपासून ट्रॉलरपर्यंत सगळं चालवून ते तांडेल म्हणून निवृत्त झाले. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. जाळं कुठं टाकायचं, कधी मागे फिरायचं, हे तो ठरवणार. आता गुडघे गेले, होडी मुलगा बघतो, आणि सदूभाऊ अंगणात बसून फाटकी जाळी विणतात. पण तांडेलकी अंगातून गेलेली नाही. कुठल्याही कामाची वार्ता कानावर आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "हिचा तांडेल कोण?" लग्नाला गेले तर मांडवात हाच प्रश्न. वाडीत नळयोजना आली तेव्हा साहेबांना हाच प्रश्न. साहेबांनी तीन जणांची नावं घेतली आणि सदूभाऊ घरी येऊन म्हणाले, पाणी येणार नाय. अजून आलेलं नाही. माझं मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा ते भेटायला म्हणून आले आणि नर्सला बाजूला घेऊन विचारू लागले. तिला आधी कळेना, मग तिनं डॉक्टरीणबाईंकडे बोट दाखवलं. सदूभाऊंनी त्यांच्या हातांकडे निरखून पाहिलं आणि मला सांगितलं, निजा बिनधास्त, हात हलत नाय तिचा.

आता हे पुस्तक आमच्यात कसं आलं ते सांगते. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सदूभाऊ त्याला 'चार पोरांचं पुस्तक' म्हणतात आणि मलाही आता दुसरं नाव पटत नाही.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. इथल्या एका शाळेत नुकतीच लागले होते. कडक इस्त्रीची साडी, काखेत छत्री, डोक्यात बी.एड.ला पाठ केलेलं बालमानसशास्त्र. अशी ती बाई. तिला मी 'ती बाई' असंच म्हणते. 'मी' म्हणायचा धीर होत नाही. तर त्या बाईचं महिला मंडळात भाषण ठरलं, विषय 'जादूच्या गोष्टी आणि बालमनाची हानी'. शत्रूचा अभ्यास करावा म्हणून तिनं हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून घरी आणलं आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड धरून वाचलं. शेवटच्या धड्याला बाई हुंदके देत होत्या. आमचे हे घाबरून आत आले, काय झालं म्हणून विचारू लागले. बाई म्हणाल्या, नववीची मुलं क्रियापदं फार चुकवतात. ह्यांनी बिचाऱ्यांनी चहा करून दिला आणि नववीच्या वर्गाबद्दल त्यांच्या मनात जी अढी बसली ती कायमची. भाषण मात्र ठरल्याप्रमाणे झालं. बालमनाची हानी ऐकून बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईनंही मान झुकवून त्या घेतल्या.

यंदा मे महिन्यात नात पुण्याहून आली आणि तिच्या पिशवीतून नेमकं तेच पुस्तक निघालं. रोज संध्याकाळी मी ते वाचायचं, तेही मराठी करून, असं आमचं ठरलं. पुण्याच्या शाळेत ती इंग्रजीच वाचत असते, तेव्हा आजीकडे आल्यावर आजीनं कष्ट करावेत, असं तिचं म्हणणं.

गोष्ट साधीच आहे. चार भावंडं समुद्राकाठच्या मामाच्या घरी सुट्टीला येतात. त्या घराच्या जिन्याला कधीकधी एक पायरी जास्त येते. चौघंही एकत्र चढत असतील, आणि त्या दिवशी आपापसात भांडलेली नसतील, तरच. त्या पायरीवर पाय ठेवला की पोरं भलत्याच मुलखात. कुठं घरं स्वतःच्या पायांनी चालतात, कुठं पक्षी बाजार भरवतात. आणि शेवटी येतो तो धुक्याच्या जादूगाराचा मुलूख. त्या धुक्यात जो शिरेल तो आपलं नावच विसरतो आणि तिथंच राहतो. त्याला बाहेर काढायचं तर सख्ख्या भावंडानं, घरात हाक मारतात त्या नावानं हाक मारली पाहिजे.

आमच्या आणि सदूभाऊंच्या अंगणांमध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. गडग्यापलीकडे सदूभाऊ जाळं मांडीवर घेऊन बसलेले. त्यांचं आमच्याकडे लक्ष नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पण जास्तीच्या पायरीची गोष्ट आली तसे ते जाळ्यातून मान न काढता हसले. यात जादू कसली, म्हणाले. धक्क्यावर जाऊन बघा, ओहोटीला एक पायरी जास्त दिसते, भरतीला परत जाते. नात मला हळूच म्हणाली की पुस्तकापेक्षा हेच चांगलं आहे. मला ते थोडं लागलं. मराठी मी इतकं जपून करत होते.

पुढं धुकं आलं, तेव्हा सदूभाऊ उठूनच आले. धुक्यात हाका मारत फिरू नये, असं त्यांचं म्हणणं. धुक्यात हाक कुठून येते ते कळत नाही, थाळी वाजवावी, थाळीचा आवाज सरळ येतो. नातीनं त्यांना समजावलं की हे जादूचं धुकं आहे. सदूभाऊंनी ते मानलं नाही. धुकं ते धुकं.

सुट्टी संपली. नातीचं पुस्तक आधीच मनातल्या मनात वाचून झालं होतं. ते माझ्याकडे ठेवून ती पुण्याला गेली. दोन दिवस गडगा शांत होता. तिसऱ्या दिवशी सदूभाऊ केळीच्या पानात बांगडे घेऊन दारात उभे.

"बाई, त्या पोरांचं काय झालं?"

कुठल्या पोरांचं, असं मी विचारलं. मला सगळं कळलं होतं, पण इतक्या सहजासहजी कुणाला सोडायचा माझा स्वभाव नाही. सदूभाऊंनी आधी पावसाबद्दल सांगितलं, मग बांगड्याच्या भावाबद्दल, मग मुलाच्या इंजिनाबद्दल. शेवटी पानाची दोरी सोडवत म्हणाले, ते धाकटं धुक्यात शिरलं होतं ना, त्याच्या मागून तिसरी पण. दोघांना तसं ठेवून आपण जेवतो-खातो, ते बरं दिसत नाय.

पण एकदम शेवट नको, पहिल्यापासून नीट ऐकू दे, म्हणाले. त्या दिवसापासून पुन्हा पहिल्या धड्यापासून वाचन सुरू झालं आणि नारळही. वाचायला मी त्यांच्याच पडवीत जायची, कारण देव तिथं होता. पोरांची इंग्रजी नावं सदूभाऊंनी घेतली नाहीत. थोरली, दोन नंबर, तिसरी आणि धाकटं, बस. थोरली त्यांच्या मते पक्की तांडेल होती. दोन नंबरचा मुलगा नुसता ओझी वाहतो आणि सारखा घाबरतो, त्याच्याबद्दल मात्र त्यांचं मत फार वाईट होतं. मला वाटायचं, मुलगा तर चांगला आहे, यांना त्याचा एवढा राग कशाला?

शिवाय त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. धडा लहान आहे. आज पोरं फारशी चाललीच नाहीत. जरा वळसा घालून न्या त्यांना. मी म्हटलं, सदूभाऊ, छापलंय तेवढंच वाचणार ना मी. तर म्हणाले, तुमी इंग्रजीतनं मराठी करताय, त्यात थोडं पाणी घालायला काय जातं?

धडा संपला की ते थेट अंगणाच्या टोकाला पालथ्या घातलेल्या जुन्या होडीपाशी जायचे. मोबाइल कानाला लावायचे आणि बराच वेळ बोलायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा बोलायचे. कधी ओरडायचे, कधी हसायचे. हे रोजचं. मला काय, विषयच मिळाला. मी काशीवहिनींना म्हटलं, वहिनी, जपा हो, या वयात लफडं म्हणजे औषधाला ऐकत नाही.

काशीवहिनी म्हणाल्या, लफडं हेदवीत आहे, ऐंशीच्या पुढचं आहे आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलंय.

खाडीपलीकडच्या हेदवी गावातली आक्का म्हणजे सदूभाऊंची मोठी बहीण. आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पोफळीखाली घसरून पडली. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर आक्कानं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर धरून रोज चालली तर उठेल, निजून राहिली तर मग निजलेलीच. सुनेनं हात जोडले, नातवंडांनी गळ घातली. आक्का म्हणे, कुणासाठी चालू, आता जायचं तिथं खांद्यावरनंच जायचंय. सदूभाऊ रोज फोन करायचे. आक्का हूं की चूं करायची नाही. एका संध्याकाळी बोलायला काहीच सुचेना, तेव्हा गडग्यापलीकडून जे कानावर पडलं होतं तेच सदूभाऊ सांगत सुटले. पलीकडून आक्काचा आवाज आला, मग पुढं?

झालं, सदूभाऊंनी तिथल्या तिथे सौदा केला. चाललीस तर पुढं. सून फोन धरून बाजूनं चालते आणि वॉकरचा ठक ठक आवाज सदूभाऊंना ऐकू येतो. ठक ठक चालू तोवर गोष्ट चालू. ठक ठक थांबली की सदूभाऊ थांबले. पोरं हवेत लोंबकळत असोत नाहीतर त्यांच्यामागे चालती घरं लागलेली असोत. आक्का पलीकडून शिव्या देते, मग पुन्हा ठक ठक.

हे ऐकल्यावर मी धड्यात पाणी घालायला लागले. इतकी वर्षं मुलांच्या निबंधातलं फालतू ते खोडणारी मी, आता एका वाक्याची चार करत होते. पोरांना डोंगराला वळसा घालून नेलं, नदी नव्हती तिथं नदी आणली. मूळ पुस्तकात पक्ष्यांचा बाजार एका पानात आटपतो, आम्ही त्यात चार दिवस काढले. सदूभाऊंनी तिथं भाव केले. त्या कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाईनं हे पाहिलं असतं तर माझ्या हातावर छडी मारली असती.

तरी पुस्तक संपत आलंच. गणपती जवळ आले तसे उजव्या हाताकडचे कागद अगदी थोडे उरले आणि सदूभाऊंना कारणं सुचू लागली. आज अमावास्या, अमावास्येला होडी काढत नाहीत, पोरांनी तरी का निघावं? आज काशीचं डोकं दुखतंय, 'व्हय महाराजा' कोण म्हणणार? एक दिवस तर नारळच मिळाला नाही म्हणाले. त्यांच्या परसात सात माड आहेत.

गणपती गेले. राहिला शेवटचा धडा. धाकटं आणि तिसरी धुक्यात आहेत, थोरली आणि दोन नंबर धुक्याच्या तोंडाशी उभे आहेत. इथं येऊन सदूभाऊ अडले. मी पुस्तक उघडलं की ते जाळ्याची सुई शोधायचे.

मग आक्कानंच संप केला. मागचंच फिरवून फिरवून सांगतोस, मला काय कळत नाय? शेवट सांगायचा नसेल तर मी निजते. आणि निजली. वॉकर भिंतीला टेकवून ठेवला. दोन दिवस झाले, तीन झाले. सुनेचा फोन आला की पाय पुन्हा आखडायला लागलेत.

त्या संध्याकाळी सदूभाऊ नारळ न ठेवताच माझ्या दारात आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "बाई, शेवटी घरी किती येतात?"

माझ्या तोंडाला खाज. मी म्हटलं, वा, असं आधीच कसं सांगेन, ऐका मग कळेल. नेहमीसारखे ते चिडतील, वाद घालतील, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली. नुसते उभे राहिले. मोठ्या वादळाला ज्या माणसानं तोंड दिलंय, त्याचा चेहरा एवढ्या तेवढ्या गोष्टीला असा होऊ नये. मी पटकन म्हटलं, "चार."

"चारी?"

"चारी येतात, सदूभाऊ."

ते पायरीवर बसले. मला पुन्हा एकदा पुस्तकात बघायला लावलं. मी पान काढून बोट ठेवून दाखवलं, जसं काही त्यांना इंग्रजी वाचता येतं. त्यांनी पण त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, वाचा. सगळं ऐकून घेतलं. आणि शेवटी म्हणाले, हे फोनवर नाय सांगायचं. हेदवीला जायला पाहिजे. तुमी पण चला, पुस्तक घेऊन. मी कुठं चुकलो तर धरायला कोणतरी पाहिजे.

आता यात एक मोठी गोम होती. आयुष्यभर दर्यावर उलथापालथ सोसलेला हा माणूस गाडीत बसला की त्याला उलटी होते. रत्नागिरी स्टँडच्या बाहेर एसटी वळली की सुरुवात. म्हणूनच कित्येक वर्षांत ते हेदवीला गेलेले नव्हते. आधी स्वतःच्या होडीनं जायचे, होडी सुटली तसं जाणं सुटलं.

मी ओळखीची गाडी ठरवली. सदूभाऊ पुढच्या सीटवर, हातात लिंबू, खिशात आलेपाक, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चळत. आरे-वारेच्या घाटीत त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून दहा मिनिटं नुसते समुद्राकडे बघत बसले, पोट जागेवर येतं म्हणे. मालगुंड डोळे मिटून काढलं. जयगडला आम्ही गाडीसकट फेरीबोटीवर चढलो आणि बोटीनं धक्का सोडताच सदूभाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला. लिंबू माझ्या हातात दिलं, सरळ वर चढून चालकाच्या खोलीपर्यंत गेले आणि पाणी कुठं उथळ आहे ते त्याला सांगू लागले. तो मुलगा रोज दहा फेऱ्या मारतो. पण सदूभाऊंना कोण सांगणार? तवसाळला उतरून पुन्हा गाडीत बसताना त्यांनी माझ्या हातून लिंबू असं घेतलं, जसा काही कैदी पुन्हा बेडी घालून घेतो.

आक्का बारकी, काळीसावळी आणि सुपारीसारखी टणक. पडवीत खाटेवर पडली होती. सदूभाऊ दारात आले तर त्यांच्या पिवळ्या पडलेल्या तोंडाकडे बघून म्हणाली, ओकलास ना वाटेत? ते कबूल झाले. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, पोरांची बाई ती तुमीच काय. मी हो म्हटलं. धुक्यात एवढे दिवस काढलेत, म्हणाली, पोरं गारठली असतील.

सदूभाऊ खाटेपाशी स्टुलावर बसले. सुनेनं वॉकर आणून समोर ठेवला. आक्का त्याच्याकडे बघेचना. सदूभाऊंनी पण गळ घातली नाही. खाकरले आणि सुरू झाले.

मी पुस्तक उघडून मांडीवर घेतलं होतं. पहिल्या चार वाक्यांतच माझं बोट ओळीवरून सुटलं. जिना नव्हता. मामाचं घर नव्हतं. आमच्या वाडीचा धक्का होता, आणि ओहोटीला दिसणारी ती जास्तीची पायरी. धुक्याच्या तोंडाशी थोरली उभी होती, हातात पितळेची थाळी घेऊन. तिच्या मागं दोन नंबर, पाठीवर ओझं घेऊन. तरी इथवर मला पुस्तक ओळखू येत होतं. मग सदूभाऊ म्हणाले, "आत शेवंती बसली होती. तिच्या मांडीवर बाबू. दोघांना नावं आठवत नव्हती."

मी सुनेकडे पाहिलं. तिनं मला स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. शेवंतीमावशी पहिल्या बाळंतपणात गेल्या, सासरी. बाबूमामा त्याच्याही आधी, लहानपणीच, तापानं. सून त्यांना कधी भेटलेली नाही, नावंसुद्धा पहिल्यांदा या फोनवर ऐकली. बाकीचं मग नवऱ्याला विचारून घेतलं. त्याआधी घरात ही नावं कुणी काढत नसे.

म्हणजे सगळा पावसाळा मी ज्यांना डोंगराला वळसे घालायला लावत होते, ती ही चौघं होती. आणि तो दोन नंबर, ज्याचा सदूभाऊंना एवढा राग यायचा, तो कोण हेही मला तेव्हाच कळलं. मी पडवीत परतले आणि पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

सदूभाऊ सांगत होते. थोरली थाळी वाजवतेय. आवाज आत जातोय. पण दोघं उठत नाहीत. नाव घेऊन हाक मारली पाहिजे आणि थोरलीचा घसा बसलाय. सदूभाऊ थांबले.

 आक्कानं खाटेवरून पाय खाली सोडले. सुनेचा हात तिनं झटकला, वॉकर ओढून घेतला आणि उभी राहिली. ठक.

मग दोन नंबरनं हाक मारली, सदूभाऊ म्हणाले. घाबरट होता, पण मारली. शेवंते. बाबल्या. ठक, ठक. धुक्यातनं आधी शेवंती आली, बाबूला कडेवर घेऊन. ठक. पाणी वर चढत होतं, पायरी बुडत होती, चौघांनी हात धरले. आक्का पडवीच्या टोकापर्यंत गेली होती. पायरी बुडाली तेव्हा चौघं धक्क्यावर उभी होती, कोरडी. घरी गेली. जेवली. संपलं.

आक्का पाठमोरी तशीच उभी राहिली. समोर आगरात पोफळी हलत होत्या.

"बाबू आला?" तिनं विचारलं.

"आला."

"शेवंती?"

"ती पण आली. चारी आली, बाईंनी पुस्तकात दाखवलं मला."

आक्कानं वॉकर हळूहळू वळवला. तिचे डोळे कोरडे होते. सदूभाऊंचे नव्हते, ते टोपीनं पुसत होते.

"सदू, ती दोघं कुठं हायत ते मला ठाऊक हाय. मी काय खुळी नाय झाली," ती म्हणाली. "पण आये गेल्यापासून त्यांना कुणी नावानं हाक मारलेली ऐकलीच नव्हती मी. तू फोनवर पहिल्यांदा शेवंती म्हणालास ना, तेव्हा उठून बसले."

सदूभाऊ काहीतरी बोलू पाहत होते. तिनं त्यांना बोलू दिलं नाही. दम लागला होता, तरी खाटेकडे न जाता तिनं वॉकर पुन्हा आगराच्या दिशेला वळवला.

"चल, आता पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून?"

"मग काय. परत जायला तुला रात्र नको व्हायला. सांग लवकर."

सदूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीला हात लावला नाही. त्यांनी टोपी डोक्यावर सारखी केली, स्टूल थोडं पुढं सरकवलं आणि म्हणाले, "एका धक्क्यापाशी चार भावंडं राहत होती. त्यात थोरली होती ती लय भांडखोर."

"शहाणी म्हण," आक्का म्हणाली आणि तिनं वॉकर पुढं टाकला.